धुळीचा नकाशा आणि त्याखालची टीप

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आला. सभागृहाच्या दारातच एक भव्य फलक उभा होता. ‘ताऱ्यांचा जन्म’ असे त्याचे शीर्षक. गुळगुळीत कागदावर छापलेली तेजोमेघांची सात-आठ चित्रे, लाल, निळ्या, सोनेरी रंगांची नुसती उधळण. प्रत्येक चित्राखाली लिहिले होते, ‘दुर्बिणीतून घेतलेला फोटो’. आत खिडकीपाशी आठवीतल्या एका मुलीने आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला आपल्या शाळेच्या पटांगणाचा नकाशा टांगला होता. पटांगणात चाळीस ठिकाणी जमिनीत बोटभर खोल तापमापी खुपसून तिने तापमान मोजले होते आणि सारख्या तापमानाची ठिकाणे रेषांनी जोडली होती. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. मापे दुपारी बारा ते एक या वेळात घेतली; लिंबाखालच्या तीन मापांची खात्री नाही, कारण तोवर पहिली तापमापी फुटली होती आणि दुसरी अर्ध्या अंशाने कमी दाखवीत होती.

पहिले बक्षीस मी रंगीत फलकाला दिले. त्या मुलीला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळाले नाही.

ही चूक होती हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्या फलकावरच्या चित्रांपैकी एक मी पुढे एका शोधनिबंधात पाहिले. ते फोटो नव्हतेच मुळी. तोही नकाशाच होता, थंड धुळीचा. आणि मूळ निबंधात त्याच्याखाली त्या मुलीच्या टिपेसारख्याच चांगल्या अर्धा पानभर टिपा होत्या. तेथून निघून तालुक्याच्या फलकावर येईपर्यंत त्या सगळ्या गळून पडल्या होत्या. विद्यार्थिमित्रांनो, आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्या गळलेल्या टिपांविषयी.

आधी ही धूळ म्हणजे काय ते पाहू. आकाशगंगेतील दोन ताऱ्यांमधली जागा अगदीच रिकामी नसते. तेथे विरळ वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन, आणि त्या वायूत धूळ मिसळलेली असते. आपल्या रस्त्यावरच्या धुळीशी तिची तुलना करू नका. तिचे कण सामान्यतः मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे चुलीच्या धुरातल्या कणांच्या जातीचे. काही वाळूसारख्या सिलिकेटांचे, काही कार्बनचे, आणि थंड जागी त्यांच्यावर बर्फाचे पुट चढलेले. वजनाने शंभर भाग वायूला एक भाग धूळ असा ढोबळ हिशेब धरतात. हा ‘ढोबळ’ शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढीशी धूळ, पण जेथे वायू दाटतो तेथे मागच्या ताऱ्यांचा प्रकाश ती पुरता अडवते. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांना वृश्चिकाच्या परिसरात, ताऱ्यांनी गच्च भरलेल्या आकाशात, अशी एक काळी जागा आढळली तेव्हा त्यांना ते आकाशाला पडलेले खिंडारच वाटले. अमेरिकेतील एडवर्ड बर्नार्ड यांनी वर्षानुवर्षे आकाशाची छायाचित्रे घेऊन १९१९ साली अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. पुढे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दूरचे तारकागुच्छ हिशेबाने दिसायला हवेत त्यापेक्षा अंधूक दिसतात हे दाखवून दिले, आणि ताऱ्यांच्या मधल्या धुळीविषयी शंका उरली नाही. बर्नार्डच्या यादीतील अडुसष्टावा डाग भुजंगधारी तारकासमूहात आहे. त्याला बर्नार्ड ६८ म्हणतात. तो चार-पाचशे प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचा व्यास अर्ध्या प्रकाशवर्षाच्या आसपास आहे. नेहमीच्या छायाचित्रात तो ताऱ्यांच्या गर्दीत सांडलेल्या शाईसारखा दिसतो. अशाच काळ्या मेघांचे गाभे स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसून तारे तयार होतात. म्हणजे तारा जेथे जन्मतो ती खोली बाहेरून बंद असते. आत डोकवायचे कसे?

येथे तुमच्या अभ्यासक्रमातलाच एक नियम मदतीला येतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. ते कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त असेल हे वीनच्या नियमावरून निघते. २९०० या संख्येला निरपेक्ष तापमानाने भागा, उत्तर मायक्रोमीटरमध्ये येते. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विन, म्हणून उत्तर अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाश. तुमचे शरीर ३१० केल्विन, उत्तर नऊच्या थोडे वर, म्हणजे अवरक्त. आता त्या काळ्या मेघातील धूळ घ्या. तिचे तापमान १० केल्विनच्या जवळपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सियस. उत्तर येते २९० मायक्रोमीटर, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी. एवढ्या थंड वस्तूला ‘चमकते’ म्हणणे तुम्हाला विचित्र वाटेल, पण ती चमकते. आणि या लांब लहरींना तीच धूळ जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे मेघाच्या पोटातले प्रारणही बाहेर येते. सुमारे ०.३ ते १ मिलिमीटरपर्यंतच्या या पट्ट्याला सबमिलिमीटर पट्टा म्हणतात. दृश्य प्रकाशात जो डाग काळा, तो येथे उजळतो.

कोणी विचारील, मेघात शंभरातले नव्याण्णव भाग वायू असताना नकाशा धुळीचा का काढायचा? प्रश्न रास्त आहे. हायड्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा, त्याची दोन्ही टोके सारखी. असा रेणू इतक्या थंडीत जवळजवळ मुका असतो, काही प्रारणच देत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ बरीच वर्षे कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूवर विसंबत आले. तो बोलका आहे. पण मेघाच्या सर्वांत थंड, सर्वांत दाट गाभ्यात तो धुळीच्या कणांवर गोठून बसतो आणि ऐन महत्त्वाच्या जागी त्याचा आवाज बंद पडतो. बर्नार्ड ६८ मध्ये हे स्पष्टपणे आढळले आहे. धूळ मात्र कोठे जात नाही. चौकीवरचा इमानी पहारेकरीच म्हणा ना.

आता दुर्बिणी. या लहरींचा मोठा शत्रू म्हणजे आपल्या हवेतली पाण्याची वाफ. डोक्यावरच्या सगळ्या हवेतली वाफ पिळून तिचे पाणी केले तर पावसाळ्यात कोकणात त्याचा थर पाच सेंटिमीटर किंवा जास्तही भरेल. सबमिलिमीटर दुर्बिणीला हा थर एक-दोन मिलिमीटर, जमल्यास त्याहून कमी हवा. म्हणून या दुर्बिणी उंच आणि कोरड्या जागी असतात. हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावर सुमारे ४१०० मीटर उंचीवर १५ मीटर व्यासाची जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण १९८७ पासून आहे. चिलीच्या आटाकामा वाळवंटात पाच हजार मीटरांवर १२ मीटरची एपेक्स दुर्बीण आहे. आणि हवेच्या पलीकडेच गेले तर प्रश्नच मिटला, म्हणून १४ मे २००९ रोजी साडेतीन मीटरच्या आरशाची हर्शेल दुर्बीण अवकाशात सोडली गेली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवरून ती एप्रिल २०१३ पर्यंत काम करीत होती. उपकरणे थंड ठेवणारा द्रवरूप हेलियम संपला आणि तिचे काम थांबले. ज्या हर्शेल यांना काळी जागा खिंडार वाटली, त्यांच्याच नावाच्या दुर्बिणीने त्या जागा भरून दाखवाव्यात, ही गंमतच.

आपल्याकडेही या कामाची जुनी परंपरा आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण बनवली. १९८० च्या दशकापासून ती हैदराबादहून प्रचंड फुग्याला टांगून तीस किलोमीटरांहून अधिक उंचीवर पाठवण्यात येऊ लागली. द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या संवेदकांनी शंभर ते तीनशे मायक्रोमीटरच्या दरम्यानचे प्रारण मोजायचे, एका रात्रीत काही तारकाजन्माचे प्रदेश टिपायचे आणि पहाटे दुर्बीण हवाई छत्रीने जमिनीवर उतरवायची, असा तो खटाटोप. लडाखमधील हान्ले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे. तेथे एक सबमिलिमीटर दुर्बीण व्हावी असे मला फार वाटते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्या फुग्याच्या काळातले नकाशे पाहिलेत तर तुम्हाला ते रुक्ष वाटतील. शाळेच्या भूगोलातल्या समोच्चरेषांसारख्या काळ्या रेषा, एकात एक. रंगीत छपाई परवडत नसे. पण कडेला एका कोपऱ्यात बहुधा एक छोटे वर्तुळ काढलेले असे. त्याचा अर्थ, ‘आमच्या दुर्बिणीला याहून बारीक काही दिसत नाही’. मला विचाराल तर त्या वर्तुळाची किंमत दहा रंगांहून जास्त आहे. का ते सांगतो.

दुर्बिणीची सूक्ष्मता तरंगलांबी भागिले व्यास यावर ठरते. मॅक्सवेल दुर्बिणीसाठी ८५० मायक्रोमीटरला १५ मीटरने भागा, १.२२ ने गुणा, रेडियनचे विकला करा. उत्तर येते सुमारे १४ विकला. हर्शेल दुर्बिणीसाठी ५०० मायक्रोमीटरवर हेच गणित ३६ विकला देते. आपल्या उघड्या डोळ्याची सूक्ष्मता ६० विकलांच्या आसपास असते. म्हणजे अब्जावधी रुपयांची ती अवकाशदुर्बीण, या लहरीपुरती, तुमच्या डोळ्याच्या दुपटीनेसुद्धा सूक्ष्म नाही! मृगातला मोठा तेजोमेघ तुम्ही हिवाळ्यात पाहत असाल. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर आहे. तेथे १४ विकला म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेपाच हजारांहून अधिक पट. नेपच्यूनपर्यंतची आपली सूर्यमाला नव्वदहून अधिक वेळा शेजारी शेजारी मांडावी, तेव्हा त्या नकाशातला एक ठिपका भरेल. १९९९ साली डग जॉन्स्टन आणि जॉन बॅली यांनी याच दुर्बिणीने तेथील धुळीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कलनशास्त्रातल्या संकलनचिन्हासारखा लांबलचक वळणदार धागा दिसतो आणि त्यावर मण्यांसारखे गाभे. चित्र देखणे आहे यात वाद नाही. पण एकेका मण्यात एक तारा घडतो आहे की तिघे-चौघे, हे त्या चित्रावरून सांगता येणार नाही. कोपऱ्यातले वर्तुळ पाहणाऱ्यालाच हे कळते.

दुसरी टीप याहून महत्त्वाची. जमिनीवरून पाहताना आपली स्वतःची हवाही याच लहरींत चमकत असते, आणि तिची चमक त्या बिचाऱ्या धुळीच्या हजारो पट. भर दुपारी काजवा शोधण्यासारखे हे काम. मग काय करतात? दुर्बीण आकाशाच्या एका जागेवरून शेजारच्या जागेवर भराभर फिरवतात आणि दोन मापांतला फरक तेवढा ठेवतात. दोन्हीकडे सारखी असलेली हवा वजा होते. पण नीट विचार करा, दोन्हीकडे सारखी पसरलेली धूळसुद्धा तिच्याबरोबर वजा होते! जमिनीवरच्या नकाशांत गाभे आणि धागे उठून दिसतात, पण त्यांच्या भोवतीचा विस्तीर्ण पातळ मेघ बराचसा नाहीसा झालेला असतो. तेथे काळा रंग दिसला म्हणून तेथे धूळ नाही असे समजणारा विद्यार्थी हर्शेल यांचीच चूक दोनशे वर्षांनी पुन्हा करतो.

आता वजनाकडे वळू, कारण शेवटी शास्त्रज्ञाला हवे असते ते वजन. गाभा आकसून तारा होईल की विरून जाईल, हे त्याच्या वस्तुमानावर ठरते. दुर्बीण वस्तुमान मोजत नाही. ती फक्त एवढेच सांगते की या दिशेने इतके प्रारण आले. तेथून वस्तुमानाकडे जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तीनही थोड्या डुगडुगतात.

पहिली पायरी तापमानाची. कण जितका गरम तितके तो जास्त प्रारण देतो. म्हणून आलेले प्रारण थोड्या गरम कणांचे की पुष्कळ थंड कणांचे, हे ठरवावे लागते. प्लांकच्या सूत्रात आकडे घालून मी हिशेब केला. ८५० मायक्रोमीटरवर २० केल्विनचा कण १० केल्विनच्या कणाच्या सुमारे ३.३ पट प्रारण देतो. म्हणजे मेघ खरोखर १० केल्विनचा असताना तुम्ही २० धरलेत, तर त्याचे वस्तुमान तुम्हाला खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वाटेल. (बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. सोपा आहे, गणकयंत्रावर पाच मिनिटे पुरतात.) हर्शेल दुर्बीण वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजत असे, आणि त्या मापांच्या गुणोत्तरावरून तापमान काढता येते. लोहार भट्टीतल्या लोखंडाच्या रंगावरून ते किती तापले हे ओळखतो, त्यातलाच प्रकार. बर्नार्ड ६८ चे असे मापन २०१२ साली प्रसिद्ध झाले. कडेला सुमारे १७ केल्विन आणि मध्यभागी सुमारे ८. एकाच लहानशा मेघात दुपटीचा फरक! आणि आपण बाहेरून पाहतो तेव्हा समोरचे गरम साल, आतला थंड गर आणि मागचे गरम साल यांचे प्रारण एकत्रच येते. वर्गात दहा मुले कुजबुजत असतील आणि दोघे ओरडत असतील तर बाहेरून कोणाचा आवाज ऐकू येईल? तसेच येथे. गरम साल ओरडते, थंड गर कुजबुजतो, आणि वस्तुमान बहुतेक त्या गरातच असते.

दुसरी पायरी कणांच्या स्वभावाची. एक ग्रॅम पदार्थातली धूळ किती प्रारण देते, हा आकडा कणांच्या आकारावर, घटकांवर, त्यांवरच्या बर्फावर अवलंबून असतो. अमेरिकेतील रॉजर हिल्डेब्रँड यांनी १९८३ साली ही सगळी रीत एका निबंधात स्वच्छ मांडली, आणि हा आकडा किती कच्चा आहे हेही लपवले नाही. आजसुद्धा तो दुपटीच्या आत-बाहेर चुकू शकतो असेच धरून चालतात. त्यावर पुन्हा शंभराला एक हे ढोबळ प्रमाण आहेच.

तिसरी पायरी अंतराची, आणि येथे एक खरी घडलेली हकीकत आहे. ती मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगतो. हर्शेल दुर्बिणीने गरुड तारकासमूहाच्या दिशेच्या एका मेघाचा नकाशा काढला. त्यात शेकडो गाभे सापडले. कोणत्या वस्तुमानाचे गाभे किती, याचा आलेख फिलिप आंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मांडला. त्याचा आकार ताऱ्यांच्या अशाच आलेखासारखा निघाला. जड थोडे, हलके पुष्कळ, आणि मध्ये एक उंचवटा. १९९८ साली भुजंगधारीतील एका मेघात स्पेनमधील ३० मीटरच्या दुर्बिणीने असेच साम्य दिसले होते. फक्त गाभ्यांचा उंचवटा ताऱ्यांच्या उंचवट्यापेक्षा जड बाजूला सरकलेला होता. त्यावरून निष्कर्ष निघाला की गाभ्यातील द्रव्यापैकी साधारण वीस ते चाळीस टक्केच ताऱ्यात जाते, बाकीचे उधळले जाते. शोध मोठा आहे. ताऱ्याचे वजन त्याच्या गाभ्यातच ठरते, असे त्याचे सार.

या हिशेबात मेघाचे अंतर सुमारे ८५० प्रकाशवर्षे धरले होते. २०१७ साली रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने त्याच भागातील ताऱ्यांचे पराशय थेट मोजले गेले आणि अंतर निघाले सुमारे १४२० प्रकाशवर्षे. वस्तुमान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १४२० भागिले ८५०, त्याचा वर्ग. जवळजवळ २.८. आकाशात एक कणही हलला नाही, दुर्बिणीचे एकही माप चुकले नव्हते, पण बाकी सर्व तसेच ठेवून नुसते अंतर बदलले तरी प्रत्येक गाभा पावणेतीन पट जड झाला! वीस-चाळीस टक्क्यांचे काय होईल, ते तुम्हीच काढा. आणि त्याच वेळी हेही पाहा की आलेखाचा आकार या गुणाकाराने बदलत नाही. लॉगॅरिदमच्या आलेखावर सगळ्यांना एकाच संख्येने गुणले की वक्र आहे तसा उजवीकडे सरकतो, इतकेच. म्हणजे ‘आकार सारखा’ हे विधान टिकते आणि ‘तिसरा हिस्सा’ हे विधान डळमळते. एकाच नकाशातून निघालेली दोन विधाने, पण त्यांचा भरवसा सारखा नाही. कोणते कशावर उभे आहे, हे टिपा वाचल्याशिवाय कळणार नाही.

धाग्यांचीही अशीच गोष्ट आहे. २०११ साली हर्शेलच्या नकाशांतील धागे मोजले, तेव्हा ते सगळे सुमारे एक तृतीयांश प्रकाशवर्ष रुंद निघाले. जवळचे, दूरचे, दाट, विरळ, सगळे सारखेच. निसर्गाची ही काय मोजपट्टी, म्हणून पुष्कळ चर्चा झाली. पुढे जॉर्जिया पानोपूलू आणि इतरांनी २०२२ साली दाखवले की मेघ जितका दूर, तितकी मोजलेली रुंदी वाढत जाते. मग ही मोजपट्टी निसर्गाची किती आणि दुर्बिणीची किती? वाद अजून चालू आहे. मला तो वाद त्या रुंदीइतकाच मोलाचा वाटतो.

माझे काही सहकारी शिक्षक येथे दोन आक्षेप घेतात. पहिला असा की मुलांना रंगीत चित्रांनीच गोडी लागते, तुम्ही त्यावर पाणी कशाला ओतता? मी चित्रे काढून टाका म्हणत नाही. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरही एक आहे. माझे म्हणणे इतकेच की त्याला फोटो म्हणू नका. एका तरंगलांबीच्या नकाशात रंग नसतोच, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले असते. पाठ्यपुस्तकात आणि फलकावर अशा प्रत्येक चित्राखाली तरंगलांबी, दुर्बिणीचे वर्तुळ, मेघाचे अंतर आणि रंगाचा अर्थ, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत असा माझा आग्रह आहे. चार ओळींची जागा लागते, त्याहून जास्त नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढे ‘जर-तर’ मुलांपुढे ठेवले तर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल. माझा अनुभव उलटा आहे. अंतराची ती हकीकत सांगितल्यावर वर्गातून येणारा प्रश्न ‘मग हे सगळे खोटेच का?’ असा नसतो. ‘मग अंतर कळायला दुसरी रीत कोणती?’ असा असतो. बर्नार्ड ६८ चेच घ्या. झुआंव आल्व्हेस, चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००१ साली तापमानाच्या वाटेला न जाता त्याचे वस्तुमान काढले. मागच्या ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश मेघातून येताना किती तांबूस झाला, ते एकेका ताऱ्यासाठी मोजले. सूर्याच्या सुमारे दुप्पट असे उत्तर आले. तापमानाची पायरी डुगडुगते म्हणून कोणी घर सोडून गेले नाही, दुसऱ्या बाजूने जिना बांधला. हे मुलांना सांगायचे तर आधी पायरी डुगडुगते हे सांगावे लागते. ज्या मुलाला कधी टीपच दिसली नाही, त्याला उद्या कोणी आकडा बदललेला दाखवला तर तो सगळेच टाकून देईल. मला भीती आहे ती त्याची.

आता परीक्षक म्हणून गेलो की मी फलकाच्या खालच्या कडेपासून वाचायला सुरुवात करतो. आयोजकांना ते चमत्कारिक वाटते. एका प्रदर्शनात तर कोणीतरी मला चष्मा बदलण्याचा सल्ला दिला.

त्या मुलीच्या नकाशात लिंबाखालची जमीन उरलेल्या पटांगणापेक्षा चार अंशांनी थंड दाखवली होती. दुसऱ्या तापमापीचा अर्धा अंश वजा केला, तरी साडेतीन उरतातच.